दिसत नाही, असं सांगायचं

सोलापूरच्या स्टँडवरून पहाटे हैदराबादकडे जाणारी एसटी पकडा. खिडकीची जागा धरा. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असू द्या, कारण आजचा प्रवास किलोमीटरनं कमी आणि वर्षांनी जास्त आहे. तुम्हाला बिदरला जायचंय.

बिदर म्हटलं की आपल्या माणसांना किल्ला आठवतो, गुरुद्वारा आठवतो, किल्ल्यातल्या मातीनं काळी होणारी बिदरीची सुरई आठवते. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूला सोयरीक असेल तर तिथलं मराठीही कानात असतं. पण हवाई दलाच्या लढाऊ शाखेत निवडलेल्या मुलामुलींना जेट विमान लढाईच्या बेतानं उडवायला शिकवतात, ते गावही हेच. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचावं इतकं ते आपल्याला जवळ आहे. सोलापूरच्या पोराला सिनेमातलं अमेरिकेचं ‘टॉप गन’ पाठ असतं आणि बिदरचं नाव त्याला कुणी सांगितलेलं नसतं, याची मला फार वर्षांपासून रुखरुख आहे. म्हणून हा प्रवास.

बोरामणी मागं पडतं. डुलकी लागते. जाग येते तेव्हा एसटी नाही, तुम्ही रस्त्याकडेच्या बांधावर उभे आहात. रस्ता अरुंद झालाय आणि त्यावरून दिवे मिटवलेल्या लष्करी गाड्यांची रांग सरकतेय. 13 सप्टेंबर 1948. पहाटेचे चार. चंद्र केव्हाच मावळलाय. मागं सोलापुरात गणपती बसलेत आणि शहरानं गेलं वर्षभर निजामाच्या हद्दीतून पळून आलेली माणसं पाहिलीत, त्यांच्या तोंडून रझाकारांच्या हकिकती ऐकल्यात. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखालचं सैन्य सोलापुरातून निघालंय. पहिलं काम नळदुर्गाजवळ आहे. बोरी नदीवरचा पूल शत्रूनं उडवायच्या आत हातात घ्यायचा. तो हातात येतो, आणि गाड्या उमरग्याकडे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उमरग्याच्या पुढं आहात. तुकडी थांबलीय. राजेश्वर गावापर्यंतच्या वाटेवर शत्रूचे लोक मोर्चे बांधून दबा धरून बसल्याचं विमानातून पाहणी करणाऱ्यांनी कळवलंय. सगळे आभाळाकडे बघताहेत. तुम्हीही बघता, आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. भाद्रपदातले ढग, मधूनमधून निळं भोक. मग तुमच्या डाव्या खांद्यामागून छातीत घुमणारा आवाज येतो. तुम्ही मान वळवेपर्यंत विमानं डोक्यावरून पुढं गेलेली असतात.

ही पुण्याहून आलेली टेम्पेस्ट विमानं. एक माणूस, एक अजस्र इंजिन, पंखांत 20 मिलिमीटरच्या चार तोफा. ती वर चढतात, एकामागून एक पालथी होतात, सूर मारतात. धुराचे लोट उठतात. दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात येतं. 17 तारखेला निजामाचं सैन्य शरण येणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्या बांधावर तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत नाही. तो अजून आभाळाकडेच बघतोय आणि पुटपुटतोय, “आली कुठनं, दिसलीच नाहीत.”

हे वाक्य सोबत घ्या. पुढं ते पुन्हा लागेल.

कारण टेम्पेस्टवाल्यांनाही त्या वर्षी असंच म्हणावं लागत होतं. हैदराबादकडे लढाऊ विमानं नव्हती, त्यामुळं दिवसा आभाळ भारताचं होतं. रात्री मात्र सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चार इंजिनांची लँकॅस्ट्रियन विमानं आणून निजामासाठी शस्त्रं उतरवत होता. कुठं? वरंगळला, आणि आपल्या या बिदरला. लँकॅस्ट्रियन म्हणजे युद्धातल्या लँकॅस्टर बॉम्बरचा प्रवासी अवतार. अवजड, संथ, वळायला जड. दिवसाउजेडी टेम्पेस्टसमोर ते दोन मिनिटं टिकलं नसतं. पण रात्री लढणारं, स्वतःचं रडार असलेलं लढाऊ विमान आपल्या हवाई दलाकडे तेव्हा नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी काळ्या आभाळात काळं विमान शोधायचं. सापडत नव्हतं. शौर्याची वाण नव्हती, दिसत नव्हतं एवढंच.

त्या टेम्पेस्टमधल्या माणसांना हवाई लढाई कुणी शिकवली होती? बरेचजण ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन आणि स्पिटफायर उडवून आलेले. त्यांची शाळा त्याआधी पेशावर-रिसालपूरकडे झालेली. तिथल्या धड्यांपैकी एक आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला लगेच समजेल. एक विमान लांब दोरावर कापडाची नळी ओढत नेतं. शिकणारे तिच्यावर गोळ्या झाडतात. प्रत्येकाच्या गोळ्या वेगवेगळ्या ओल्या रंगांत बुडवलेल्या. नळी खाली आणून पसरतात आणि भोकं मोजतात. तांबड्या कडेची अमक्याची, निळ्या कडेची तमक्याची. जवळजवळ प्रत्येकाची पहिली नळी कोरी निघते, कारण प्रत्येकजण नळीवर नेम धरतो. पौषात ज्वारी हुरड्यात आल्यावर माळ्यावर उभं राहून गोफण मारणाऱ्या पोराला विचारा. तो पाखरावर मारत नाही, पाखरू जिथं जाणार तिथं मारतो. आभाळातही तेच. फरक इतकाच की माळा स्वतःही ताशी पाचशे किलोमीटरनं पळतोय आणि कलंडलेला आहे.

आता परत गाडीत बसा.

उमरग्यानंतर हद्द ओलांडली की पाट्या कानडीत होतात आणि वर्षं भराभर मागं जातात. एका ठिकाणी मात्र मी तुम्हाला मुद्दाम उतरवणार आहे, ते या रस्त्यावर नाही. आसामातलं तेजपूर, 1990च्या आसपासचं. तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे आहात. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून किंवा औरंगाबादच्या सेवा पूर्वतयारी संस्थेतून खडकवासल्याला आणि तिथून हवाई दलात आला आहात. आतापर्यंत तुम्ही किरण उडवलंय. गुणी, सोशीक, आवाजापेक्षा कमी वेगाचं विमान. चुकलात तर सावरून घ्यायला वेळ देणारं. आज तुम्हाला मिग-21मध्ये बसवलंय. ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर जाणारं, छोट्या त्रिकोणी पंखांचं, आणि जमिनीला टेकवायचं तेही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. तुमच्या मागच्या जागेवर प्रशिक्षक आहेत, पण त्यांना तुमच्या डोक्यापुढचं फारसं दिसत नाही. त्या दोन आसनी मिगच्या मागच्या जागेतून समोरची धावपट्टी बघायला आरशांची नळी बसवलीय, पाणबुडीत असते तशी.

सायकलवरून उतरून थेट मोकाट घोड्यावर बसल्यासारखं हे होतं, आणि ते बड्या अधिकाऱ्यांनाही कळलेलं होतं. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीनं 1982 सालीच लिहून दिलं होतं की मधली पायरी हवी. वेगवान, पण शिकण्यासाठीच घडवलेलं जेट विमान हवं. सहासष्ट हॉक विमानांचा करार झाला मार्च 2004मध्ये. बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत मिग-21च्या अपघातांत गेलेला प्रत्येकजण अर्ध्या शिक्षणानं गेला, असं मी म्हणणार नाही. इंजिनं बंद पडली, पक्षी आदळले, रात्रीनं चकवलं, प्रत्येक अपघाताचा कागद वेगळा आहे. पुण्याचा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 17 सप्टेंबर 2001ला राजस्थानात सुरतगडला गेला, तेव्हा त्याच्या आईनं जाहीरपणे प्रश्न विचारले. पुढं आईवडिलांनी पुण्यात वैमानिकांसाठी सिम्युलेटरची शाळा उभी केली. मला त्या माउलीपुढं हात जोडावेसे वाटतात. पायरी नाही हे दिसत होतं, कागदावर आलं होतं, आणि तरी दोन पिढ्या त्या रिकाम्या जागेवरून उडी मारत राहिल्या.

तुम्ही ते मिग त्या दिवशी सुखरूप उतरवता. गुडघे लटपटतात. कुणाला सांगत नाही.

पुन्हा आपला रस्ता. बसवकल्याणचा फाटा, मग तेच राजेश्वर, आता एक शांत गाव, चहाची टपरी, ऊस भरलेला ट्रॅक्टर. हुमनाबादला डावीकडे वळायचं. लाल जांभ्या दगडाचं पठार लागतं. बिदर. जानेवारी 2019.

23 फेब्रुवारी 2008ला तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत हॉक विमानं इथंच हवाई दलात आली. लांबट, बसक्या नाकाचं दोन आसनी जेट. मागची जागा पुढच्यापेक्षा उंच, म्हणजे प्रशिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून समोरचं सगळं दिसतं. तेजपूरची ती आरशांची नळी आठवा आणि या उंच जागेकडे बघा, बावीस वर्षांचं मोल कळेल. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी 18 जून 2016ला दुंडीगलला अधिकारी झाल्या, आणि लढाऊ वैमानिक होण्याआधीचं हॉकचं शिक्षण त्यांनी घेतलं ते याच धावपट्टीवर.

तुम्ही त्यांच्या मागून आलेले. आधी पिलाटस झालं, मग किरण, आता हॉक. सकाळचे सात. थंडी आहे. जी-सूट चढवताय. पोटाला आणि मांड्या-पोटऱ्यांना आवळून बसणारी ती तुमान, आत रबरी पिशव्या, कमरेतून निघालेली एक नळी. ती नळी विमानाला जोडली की वळणात त्या पिशव्या हवेनं फुगतात आणि पायांकडे पळणारं रक्त वर दाबून धरतात.

ब्रीफिंगच्या खोलीत तुमचे प्रशिक्षक फळ्याजवळ उभे आहेत. स्क्वाड्रन लीडर. मराठी आहेत हे तुम्हाला आठवड्यानं कळलं. कामाच्या वेळी ते कामाच्या भाषेत बोलतात, इंग्रजी-हिंदीची मिसळ. एरवी मराठीत.

“आज दोन विमानं. समोरच्यात दुसरे सर आणि तुझा कोर्समेट. लढाई म्हणू नकोस अजून, ही लढाईची बाराखडी. शस्त्रं पुढं कलाईकुंड्याला. आज एकच गोष्ट. त्याला नजरेतून सोडायचं नाही. सुटला तर?”

“सांगायचं, सर.”

“काय सांगायचं?”

“नो जॉय.”

“आणि दिसला की?”

“टॅली.”

“बस. दोनच शब्द. खोटा वापरू नकोस.”

मग ते डोळ्यांबद्दल बोलतात, आणि तुम्हाला वाटतं हे काय शिकवायचं, डोळे तर आहेतच. नाहीत. पाच किलोमीटरवरचं हॉक बाजूनं बघितलं तर हात लांब करून धरलेल्या कागदावर दीड मिलिमीटरची रेघ. नाकासमोरून येत असेल तर टिंबसुद्धा धड नाही. त्यात मोकळ्या निळ्या आभाळात डोळ्याला पकडायला काही नसलं की तो आपोआप आखडतो आणि हातभर अंतरावर नजर लावून बसतो. तुम्हाला वाटतं दूरवर बघतोय, डोळा बघत असतो काचेच्या जरा पलीकडे. म्हणून आधी क्षितिजावरच्या ढगाकडे किंवा जमिनीवरच्या तलावाकडे बघायचं, नजर लांब करायची, मग आभाळाचा एकेक तुकडा घ्यायचा. थांबायचं, बघायचं, पुढं. सरसर फिरवलेल्या नजरेला काही सापडत नाही. शिवाय, काचेवर एकाच जागी चिकटून राहिलेलं आणि फक्त मोठं होत जाणारं टिंब सगळ्यात वाईट. सरकणारं विमान तुम्हाला चुकवून जाईल. न सरकणारं तुमच्याच अंगावर येतंय.

साडेआठला तुम्ही हवेत आहात. खाली लाल पठार, तुरीचे खुंट उरलेली रानं, मांजरेची वळणं. दुसरं हॉक दीड किलोमीटरवर तुमच्या बरोबरीनं चाललंय, स्पष्ट दिसतंय. दोघं बाहेरच्या बाजूला फुटता, लांब जाता, मग परत एकमेकांकडे वळता.

“फाइट्स ऑन.”

दोघं ताशी साडेसातशेच्या आसपास. समोरासमोर म्हणजे पंधराशे. पाच किलोमीटर अंतर बारा सेकंदांत संपतं. टिंब, मग डास, मग पंख असलेलं काहीतरी, आणि मग एक अख्खं विमान तुमच्या डावीकडून सणकन निघून जातं. ठरलेलं अंतर राखून, पण तरी हेल्मेटमध्ये तुमच्या तोंडून हुंकार निघतो.

“डोकं आधी!” मागून आवाज.

डोकं आधी वळवायचं, दांडा नंतर ओढायचा, हे शंभर वेळा सांगितलेलं. कारण दांडा ओढला की डोकं वळणारच नाही. तुम्ही मान डावीकडे मागं पिळता, हेल्मेट सीटच्या कडेला टेकवता आणि ओढता. चार जी. पाच. तुमचं सत्तर किलोचं अंग साडेतीनशे किलोचं होतं. हेल्मेट आणि मुखवटा मिळून दोनेक किलो, ते आता मानेवर दहा किलो. गाल खाली ओघळतात. जी-सूट पोटात बुक्की मारावी तसा फुगतो. तुम्ही पाय आवळता, पोट आवळता, श्वास कोंडता, तीन सेकंदांनी हिसक्यानं सोडून घेता. हिसका लांबला तर रक्त खाली जातं. आधी रंग जातात. तुरीची रानं करडी होतात. मग कडा काळ्या पडत येतात, बोगद्यातून बघितल्यासारखं. तिथंच थोडं सैल सोडायचं. नाही सोडलं तर शुद्ध जाते, आणि शुद्ध येईस्तोवर विमान वाट बघत नाही.

या वेगाला पाच जीच्या वळणाची त्रिज्या सुमारे नऊशे मीटर. बिदरचा अख्खा किल्ला त्या वर्तुळात मावतो, आणि ती पूर्ण फेरी सत्तावीस सेकंदांत होते. पण प्रत्येक फेरीला वेग झडतो. उंची ही ठेव आणि वेग ही हातातली रोकड. वळण म्हणजे खर्च. नवशिका वळणावळणावर सगळी रोकड उधळतो आणि मग जड, आळशी होऊन लटकत राहतो. जुना माणूस नाक जरा वर करून वेगाची उंची करून ठेवतो आणि हवी तेव्हा मोडतो.

तुमची रोकड किती उरली? हे बघायला तुम्ही एकदाच, दोन सेकंद, समोरच्या पडद्याकडे बघता.

मान परत पिळता. निळं. नुसतं निळं.

तो मघाशी जिथं होता तिथं काही नाही. वर? सूर्य. शेपटीमागं? काही नाही. छाती धडधडतेय. रेडिओवर तुमच्या कोर्समेटचा आवाज येतो, “टॅली,” त्याला तुम्ही दिसताय. आता तुमची पाळी. आणि तुमच्या तोंडून, का कोण जाणे, निघतं, “टॅली.”

मागच्या जागेवर एक सेकंद शांतता.

“नॉक इट ऑफ, नॉक इट ऑफ, नॉक इट ऑफ.” प्रशिक्षकांचा आवाज एकदम सपाट. दोन्ही विमानं पंख सरळ करतात. दांड्यावर आता त्यांचा हात आहे. ते विमान जरा उजवीकडे कलवतात, आणि तुमच्या पोटाखालून, जिथं तुम्ही बघितलंच नव्हतं तिथून, दुसरं हॉक वर येतं. जवळ आहे. भलतं जवळ.

परतीच्या वाटेवर कुणी बोलत नाही.

डीब्रीफिंगची खोली लहान आहे. पांढरा फळा, लाल आणि निळे मार्कर, काठ्यांवर बसवलेली दोन लाकडी विमानं. खोलीत चौघं. स्क्वाड्रन लीडर सर आधी स्वतःचं लिहितात. लाल मार्करनं, पहिल्या ओळीत. “सुरुवातीचं वळण मी दोन सेकंद उशिरा मागितलं, अंतर कमी राहिलं. माझी चूक.” दुसरे सर मान हलवतात, आपलीही एक सांगतात. तुम्ही बघत राहता. बारा-पंधरा वर्षं उडवणारी माणसं, दोन पोरांसमोर, सहज.

मग टेप लागते. विमानाच्या समोरच्या काचेतून दिसलेलं सगळं त्यात आहे, आवाजासकट. तुमचा श्वास ऐकू येतो, हिसके ऐकू येतात. मग कोर्समेटचं “टॅली”. मग तुमचं. पडद्यावर निळं आभाळ.

सर टेप थांबवतात. काठीवरचं निळं विमान तुमच्या हातात देतात, लाल स्वतः धरतात.

“दाखव. तू ‘टॅली’ म्हणालास तेव्हा तो कुठं होता?”

तुम्ही निळं विमान कलतं धरता. लाल कुठं धरायला सांगावं कळत नाही. हात तिथंच राहतो.

“माहीत नाही, सर.”

“मग म्हणालास का?”

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते तोंडातून यायला अर्धा मिनिट लागतो. “त्याला मी दिसलो होतो, सर. मला तो नाही दिसला, असं म्हणवेना.”

ते ओरडत नाहीत. लाल विमान हळूहळू खालून आणतात, निळ्याच्या पोटाखाली धरतात. “तू ‘टॅली’ म्हटल्यावर यानं काय धरलं? तू त्याला बघतोयस, तू वाट देशील. म्हणून हा सरळ आत आला. तू म्हणाला असतास, दिसत नाही, तर याच क्षणी सगळे थांबलो असतो. नजर प्रत्येकाची सुटते. माझी गेल्या आठवड्यात सुटली. त्याचे मी गुण कापत नाही.” मग फळ्यावर एका ओळीत तुमची चूक लिहितात. ‘नजर सुटली’ असं लिहीत नाहीत. ‘चुकीची हाक’ असं लिहितात.

मला या खोलीबद्दल अतोनात आदर आहे. आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत अशी एक खोली हवी, जिथं मोठा माणूस आधी स्वतःचं लिहितो, असं फार वाटतं.

ही पद्धत इथली एकट्याची नाही. पुढं स्क्वाड्रनमध्ये काही वर्षं गेल्यावर निवडक वैमानिक ग्वाल्हेरला टॅक्डीत जातात. 1 फेब्रुवारी 1971ला आदमपूरला सुरू झालेली ही संस्था, लढाईचे डावपेच घडवणारी आणि शिकवणाऱ्यांना शिकवणारी. तिच्या पहिल्याच वर्षी डिसेंबरात युद्ध आलं, आणि तिच्या वैमानिकांनी मिग-21 घेऊन रात्री, एकेकट्यानं, अगदी खालून जात पाकिस्तानी विमानतळांवर हल्ले केले. 1948च्या त्या आंधळ्या रात्री आठवल्या की तेवीस वर्षांत केवढी वाट चालली गेली ते कळतं. आता ग्वाल्हेरला लढाईच्या प्रत्येक फेरीची आकृती संगणकावर उमटते, कोण कुणाच्या मागं किती सेकंद होता ते दिसतं. तरी उतरल्यावर खोली हीच, फळा हाच. तासाभराची उड्डाणं आणि त्यावर कितीतरी तास बोलणं.

त्या रात्री मेसच्या व्हरांड्यात तुमची मान वळत नाही. कोर्समेट शेजारी येऊन बसतो. पोटाखालून आलेला तोच. दोघं काही बोलत नाही. मग तो म्हणतो, “मलाही तू मधे एकदा दिसला नव्हतास. दोन सेकंद. मी गप्प बसलो.” तुम्ही बघत राहता. सकाळी तो जाऊन सरांना सांगणार आहे, स्वतःहून. टेपमध्ये ते कुठंच नव्हतं.

तीन दिवसांनी परत तेच. तीच थंडी, तीच तुमान, तेच लाल पठार. समोर तेच हॉक, तुमचा तोच कोर्समेट. टिंब, डास, विमान, सणकन. डोकं आधी, दांडा नंतर. पाच जी. रंग जरा विटतात, तुम्ही जरा सैल सोडता, रंग परततात. पहिली फेरी नजरेत. दुसऱ्या फेरीला तो सूर्यात शिरतो. तुम्ही हात वर करून अंगठ्यानं सूर्य झाकता, शिकवलंय तसं, आणि कडेनं बघता. निघेल आता. डावीकडून निघेल. निघत नाही.

“नो जॉय,” तुम्ही म्हणता.

“समजलं,” मागून आवाज येतो, तसाच सपाट. “सगळे सरळ व्हा. त्याला शोधून दे मला आधी. मग परत सुरू करू.”

तुम्ही क्षितिजावरच्या ढगाकडे बघता, नजर लांब करता, आणि आभाळाचा पहिला तुकडा घेता.